अँबॅसडरला ट्विन कार्ब टाकायचाय? आधी व्हॅक्यूम गेज लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळ १९७२ ची मार्क टू अँबॅसडर आहे, आजोबांची. इंजिन तेच १४८९ सीसी पेट्रोल, वर एसयू कंपनीचा एकच सव्वा इंची कार्बोरेटर म्हणजे एचएस २ मॉडेल, आणि जुना ऑइल बाथ एअर फिल्टर, तेलात धूळ पकडणारा. सत्तरच्या पुढे गाडी दमते, घाटात तिसऱ्यावरपण रडते. मित्र म्हणतोय ट्विन कार्ब, म्हणजे एकाऐवजी दोन कार्बोरेटर, आणि शंकूसारखा उघडा कोन फिल्टर टाक, घरीच होतं, रविवारचं काम आहे.

घरी होतं हे बरोबर आहे. पण ट्विन कार्ब या यादीत सगळ्यात शेवटी येतो आणि कोन फिल्टर बॉनेटखाली तसाच उघडा लावला तर मे महिन्यात गाडी आहे त्यापेक्षा मठ्ठ होईल. का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

हे इंजिन मुळात ब्रिटिश बीएमसी कंपनीचं बी सीरीज. हेच १४८९ सीसी इंजिन इंग्लंडात १९५० च्या दशकात एमजी मॅग्नेटवर होतं आणि १९५५ पासून एमजीए स्पोर्ट्स कारवर पण. आपल्या अँबीत ते पन्नास-पंचावन्न बीएचपी देतं. मॅग्नेट झेडएवर दोन सव्वा इंची एसयू होते तिथे ६०. नंतरच्या झेडबीवर दोन दीड इंची एसयू आले, ताकद ६८ झाली, आणि एमजीए ६८ वरून पुढे ७२ पर्यंत गेली. हे आकडे बघून सगळे म्हणतात बघा, कार्ब डबल केला की वीस घोडे फुकट. पण ६८ च्या इंजिनात कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ८.३ होतं, आपल्याकडे ते सातच्या आसपास. म्हणजे त्या आकड्यातला बराचसा भाग हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातून, आलाय, नुसत्या कार्बमधून नाही. दोन सव्वा इंची आणि कमी कॉम्प्रेशन असलेलं झेडए ६० वर थांबतं, आणि ते पण कारखान्यातून नवीन निघालेलं इंजिन. पन्नास वर्षं झालेल्या, रिंगा झिजलेल्या इंजिनाकडून किती अपेक्षा करायची ते तुम्हीच ठरवा.

आता या हेडची एक खोड समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही. चार सिलिंडर आहेत पण इनलेटची भोकं दोनच. एक आणि दोन नंबरला मिळून एक पोर्ट, तीन आणि चारला मिळून दुसरा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे दोन नंबर श्वास घेऊन संपवतोय तोच लगेच एक नंबर त्याच भोकातून ओढायला लागतो, मग बराच वेळ त्या पोर्टात शांतता. तिकडे पण तसंच, आधी तीन आणि लगेच चार. व्हॉल्व्ह थोडा वेळ दोन्ही एकदम उघडे असतात त्यामुळे नंतरचा सिलिंडर आधीच्याच्या तोंडचा घास पळवतो. हे कार्ब बदलून जात नाही, ते हेडच्या ओतकामातच आहे. सिंगल कार्ब मधोमध असला की त्याला चारही सिलिंडरची ओढ सारख्या अंतराने येते, दर अर्ध्या फेऱ्याला एक, म्हणून रस्त्यावरच्या गाडीला तो इतका गुळगुळीत चालतो. दोन कार्ब लावले की प्रत्येकाला दोन ओढी लागोपाठ आणि मग मोठा खंड, त्यामुळे मॅनिफोल्डला (कार्बपासून हेडपर्यंतच्या नळीला) मधून दोन्ही बाजू जोडणारा बॅलन्स पाइप नसेल तर आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन चालणं, कधीच धड बसत नाही.

तर मग दम कुठे अडकतोय ते शोधायचं. त्याला व्हॅक्यूम गेज, म्हणजे मॅनिफोल्डमधली हवेची ओढ दाखवणारा काटा, लागतो, तो ऑटोमोबाइलच्या दुकानात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, आणि खरं सांगतो, त्या एका गेजने जितक्या लोकांचे कार्बचे पैसे वाचवलेत तितके कुठल्या मेस्त्रीने वाचवले नसतील. मॅनिफोल्डवर टॅपिंग असेल तिथून घ्या, नसेल तर एक छोटा निपल मॅनिफोल्ड उतरवून टॅप करून घ्या. गाडीवर असताना ड्रिल करू नका, बुरादा आत जातो.

आधी आयडल. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १८ ते २० इंच पारा दाखवतं. सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास, तिथे दीड-दोन इंच कमी धरा, म्हणजे १६ ते १८ ला काटा स्थिर असला की समाधान. स्थिर पण खाली असेल तर कुठेतरी हवा चोरीला जातेय किंवा टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे आहे. ठरावीक ठोक्याने काटा दचकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाहीये. हे असलं काही निघालं तर इनटेकचा विषय तिथेच बंद, आधी ते करा. टॅपेट, कॉम्प्रेशन, पॉइंट, टायमिंग. कंटाळवाणं आहे पण गाडी सत्तरला दमते याचं कारण दहातल्या सात गाड्यांत इथेच सापडतं असा माझा अंदाज आहे.

हवेची चोरी बहुतेक वेळा थ्रॉटलच्या, म्हणजे रेस दाबली की उघडणाऱ्या झडपेच्या, स्पिंडलमधून असते. कार्बच्या बॉडीत ती पितळी दांडी वर्षानुवर्षं फिरून भोक मोठं झालेलं असतं, हाताने हलवली की खडखडते. त्यावर नवीन नीडल, नवीन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी सुई आणि तिचं भोक) काहीही घाला, आयडल भटकतच राहणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या चांगल्या टर्नरकडून बुश मारून घ्या आणि नवीन स्पिंडल टाका. मॅनिफोल्डच्या पॅकिंगची चोरी तपासायला लोक कार्ब क्लीनर फवारतात, या इंजिनावर तसं अजिबात करू नका, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोबर खालीच आहे, भडका उडेल. साबणाचं पाणी ब्रशने लावा, इंजिनाचा आवाज बदलला की कळतं. आणि काम चालू असताना फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, इंजिन बंद करून काही खोलताना बॅटरीची अर्थ काढलेली, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

आता मुख्य टेस्ट. गेजची नळी लांब घेऊन केबिनमध्ये आणा, शेजारी कुणाला तरी बसवा, तो काटा बघेल तुम्ही रस्ता बघा. मोकळा चढ शोधा, तिसरा गिअर, रेस पूर्ण दाबलेली, साठच्या आसपास वेग आला की रीडिंग घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ शून्य व्हायला पाहिजे. एसयू कार्बमध्ये हवेच्या ओढीने वर सरकणारा स्वतःचा पिस्टन असतो, तो उचलायलाच साधारण अर्धा-पाऊण इंच लागतो, तो त्याचा हक्काचा. त्याच्यावर जेवढं दिसेल तेवढा तुमचा इनटेक अडवतोय. समजा दोन इंच आलं तर खरंच घसा आवळलाय. एक इंचाच्या आत आलं तर कार्ब मोठा करून काही पदरात पडणार नाही, हवा पोचतेय, कमी दुसरीकडे आहे. मग फिल्टर काढून तोच चढ तेवढ्याच वेगाने पुन्हा, फक्त टेस्टपुरता आणि धूळ नसलेल्या रस्त्यावर. रीडिंग खाली आलं तर दोष फिल्टरचा, तसंच राहिलं तर कार्ब किंवा मॅनिफोल्डचा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक अंदाजपंचे हजारो रुपये घालवतात राव.

फिल्टरचं म्हणाल तर ऑइल बाथ काढायला माझी हरकत नाही, पण त्याच्या जागी येणारा त्याच्यापेक्षा चांगला गाळणारा पाहिजे. तुमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी उकरलेले रस्ते, ती बारीक धूळ म्हणजे रिंगांना पॉलिश पेपर. मी पेपर एलिमेंट वापरतो, एखाद्या मोठ्या गाडीचा, जागेत बसेल तेवढा मोठा, आणि पत्र्याचा डबा बनवून त्यात. टॅपेट कव्हरवरून फिल्टरकडे जाणारी ब्रीदरची नळी असते ती पण त्याच डब्यात जोडा, लोंबकळत सोडली तर इंजिन तिथून धूळ ओढेल. डब्यातून लवचिक पाइप पुढे ग्रिलपर्यंत, रेडिएटरच्या बाजूने. हे सगळं बाहेरची गार हवा मिळावी म्हणून. हवा दर दहा अंश तापली की तीनेक टक्के विरळ होते. बाहेर ४० आणि बॉनेटखाली ७० असेल, आणि मे महिन्यात घाटात असतंच, तर आठ-नऊ टक्के हवा कमी, म्हणजे तेवढीच ताकद गेली. उघडा कोन फिल्टर नेमकी हीच तापलेली हवा पितो, आणि वर आवाज छान येतो म्हणून मालकाला वाटतं गाडी पळायला लागली.

उष्णतेचा दुसरा भाग कार्बच्या खाली. या हेडला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्ब अक्षरशः चुलीवर बसलेला. कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या पाटीचा) सहा ते दहा मिलीमीटरचा तुकडा घाला, आणि फ्लोट बाऊलच्या खाली अ‍ॅल्युमिनियमची दीड-दोन मिलीमीटरची प्लेट वाकवून हीट शील्ड करा. कार्ब तेवढा बाहेर सरकतो तर लिंकेज आणि चोक केबलची लांबी बघून घ्या. घाटात गाडी बंद पडली की फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचा कार्यक्रम याने खूप कमी होतो.

आता समजा गेजने सांगितलं की कार्बच लहान आहे. माझा सल्ला एकच दीड इंची एसयू, एचएस ४. सव्वा इंचाच्या घशाचं क्षेत्रफळ साधारण ७.९ चौरस सेंटीमीटर, दीड इंचाचं ११.४. म्हणजे एकदम ४४ टक्के जास्त, आणि १४८९ सीसीचं रस्त्यावरचं इंजिन साडेचार हजार आरपीएमपर्यंत चालवायला ते पुरून उरतं. दोन सव्वा इंची मिळून १५.८ होतात, पण दोन कार्ब, दोन फ्लोट, दोन जेट, चार नळ्या, आणि दर महिन्याला कान लावून बॅलन्सिंग. नाद असेल तर करा, मी कोण अडवणारा.

वापरलेला एचएस ४ घेतलात तर स्पिंडल आधी हलवून बघा. नवीन हवाच असेल तर इंग्लंडात बर्लन कंपनी आजही एसयू बनवते. एचएस २ आणि एचएस ४ ची फ्लँज (बोल्टने बसणारी कड) जुळत नाही त्यामुळे अडॅप्टर लागेल, दहा-बारा मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियम प्लेटचा, आणि त्यातलं भोक कार्बच्या बाजूला दीड इंच आणि मॅनिफोल्डच्या बाजूला मॅनिफोल्ड जेवढा असेल तेवढं, मध्ये हळूहळू उतरतं. पायरी ठेवली तर मोठ्या कार्बचा अर्धा फायदा तिथेच मेला. शक्य असेल तर मॅनिफोल्डचं तोंडही बोअर करून घ्या पण भिंत किती जाड आहे ते मोजून. बोल्ट नट सगळे इंची आहेत, ए/एफ (इंची मापाचे) पाने वापरा, मेट्रिक पाना घुसवून कडा गोल करून ठेवलेल्या नटांशी मारामारी करण्यात अख्खी दुपार जाते.

आता एक गोष्ट जी मोठमोठे मेस्त्री चुकवतात. एसयूच्या ज्या तोंडाला एअर फिल्टर लागतो तिथे मोठ्या भोकाशिवाय बारीक भोकं असतात, ती पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा पोचवतात. पॅकिंग उलटं लागलं किंवा घरी कापताना ती भोकं पाडली नाहीत तर पिस्टन पूर्ण उचलतच नाही आणि गाडी अर्ध्या रेसवर कोंडल्यासारखी होते. मग नीडल बदल, पंप बदल, कॉइल बदल, सगळं होतं, आणि दोष जॉइंट पेपरच्या तुकड्यात.

ट्यूनिंग. नीडलचा खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर पातळीत बसवा. डॅम्पर (कार्बच्या वरच्या टोपीतली दांडी) काढून कार्बचा पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली ‘टक’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, नाही आला तर जेट सेंटर करायचा बाकी आहे. जेटचा नट पूर्ण वर, मग तिथून दोन फेरे खाली, म्हणजे नटाच्या १२ कडा. ही सुरुवात. डॅशपॉटमध्ये (डॅम्पर बसतो त्या नळीत) एसएई २० तेल, पोकळ दांडीच्या अर्धा इंच वर. तेल नसेल तर रेस दाबल्यावर पिस्टन एकदम उडतो आणि गाडी खोकते, कितीतरी गाड्यांत ते कोरडंच असतं. इंजिन गरम झालं की बाजूची पिन दाबून पिस्टन अगदी थोडा, एक मिलीमीटरभर, उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन लगेच मरायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. नट एका वेळी एकच कड फिरवायचा.

पण हे झालं आयडलचं. चढावर काय होतंय ते नीडलच्या जाडीवर ठरतं आणि मोठ्या कार्बला, नवीन फिल्टरला जुनी नीडल चालेलच असं नाही. पूर्ण रेसवर चढ चढा, वर क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि प्लग काढून बघा. बिस्किटी रंग हवा. पांढरा म्हणजे लीन, इंजिनाचा पिस्टन जाळायची तयारी. रिकाम्या रस्त्यावरच हे करा, किल्ली एक टप्पा मागे, स्टिअरिंगला लॉक असेल तर काढायची तर नाहीच. कुणी वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) दिला तर उत्तमच.

लीनवरून ई२० चा विषय. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलला जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्ब जसाच्या तसा ठेवला तर तो सात-आठ टक्के लीन झालाच, तुम्ही काही न करता. त्यात तुम्ही मोकळा फिल्टर लावलात की आणखी. एसयूचं बरं आहे, जेट थोडा खाली घेता येतो, आणि वरच्या टप्प्यासाठी एक नंबर जास्त रिच नीडल. पण जुने रबर पाइप, पंपाचा डायफ्राम, कॉर्कची पॅकिंगं ही इथेनॉलने फुगतात नाहीतर चुरा होतात, ती सगळी आधी बदला. गाडी महिनामहिना उभी राहत असेल तर टाकी आणि बाऊलमध्ये पाणी साठतं तेही बघत जा. फ्युएल प्रेशर तीन पीएसआयच्या आसपास ठेवा. कुणी इलेक्ट्रिक पंप लावून दिला तर हमखास जास्त प्रेशरचा असतो, फ्लोट व्हॉल्व्ह उचलतो आणि पेट्रोल एक्झॉस्टवर ठिबकतं.

हेड कधी काढलंच तर पोर्टचं तोंड आणि मॅनिफोल्डचं तोंड गॅस्केट ठेवून एकमेकांशी जुळवून घ्या, आत सेंटीमीटरभर, पुरे. आत दोन सिलिंडरांना वेगळं करणारी जी भिंत आहे तिला हात लावू नका. आरशासारखं पॉलिश नको, ८० च्या पेपरचा खरखरीतपणा राहू दे, गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल थेंबाथेंबाने ओघळतं.

कागदपत्रांचं एक. गाडी १९७२ ची म्हणजे ५० वर्षांच्या वर, तुम्ही कधी ना कधी व्हिंटेज नोंदणीचा, ‘व्हीए’ नंबरचा विचार करणार. २०२१ च्या नियमात गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको असं आहे. म्हणून जे कराल ते बोल्टने लागणारं आणि बोल्टने निघणारं करा. जुना कार्ब, मॅनिफोल्ड, ऑइल बाथ, अगदी जुन्या क्लिपासुद्धा तेल लावून खोक्यात. मॅनिफोल्ड बोअर करणार असाल तर दुसरा शोधून त्याच्यावर करा, भंगारात अजून सापडतात, मूळचा तसाच ठेवा. पीयूसीला आयडलवरचं सीओ बघतात, वरच्या पिन टेस्टने सेट केलेला एसयू त्यात अडकत नाही, रिच ठेवलेला हमखास अडकतो.

ट्विन कार्ब मनातून जातच नसेल तर तो हेडच्या कामासोबत करा. कॉम्प्रेशन थोडं वाढवून, व्हॉल्व्ह नीट बसवून, आणि मॅनिफोल्ड एमजीए किंवा एमजीबीचा बॅलन्स पाइपवाला शोधून. तिथे इनलेट आणि एक्झॉस्टच्या फ्लँज एकाच स्टडवर मोठ्या वॉशरने दाबलेल्या असतात, दोन्हींची जाडी सारखी नसेल तर एक बाजू सैल राहते आणि हवा ओढते, लेथवाल्याकडून आधी मोजून सारखी करून घ्या.

तर आता गेज लावा आणि मला चार आकडे सांगा: गरम इंजिनाचं आयडल, चढावर फिल्टरसकट, चढावर फिल्टरशिवाय, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. कार्ब उघडलात तर नीडल काढून तिच्या दांड्यावर कोरलेला नंबर पण बघून ठेवा, पुढची कुठली घ्यायची ते त्यावरून ठरेल.